ड्रॅगन आणि पाण्याचा वाटा

आमच्या तलावाच्या पलीकडच्या काठाला मी सात वेळा वाघ पाहिला आहे. बायको म्हणते, दोनदा, आणि त्यातलं एकदा ते पाटलाचं पिवळं वासरू होतं. ते जाऊ द्या. मूल तालुक्यात वाघ ज्याला त्याला दिसतो. वाघ दिसला म्हणून आमच्याकडे कोणी कोणाला चहा पाजत नाही. ड्रॅगन मात्र या अख्ख्या तालुक्यात मी एकट्यानं पाहिला, एकट्यानं धरला, आणि नाव मिळवायच्या ऐवजी जे मिळवलं ते सांगायला बसलो आहे.

ड्रॅगन मोबाईलातला होता हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की गड्यानं फसवलं.

असा एक गेम आहे. फोनवर आपल्याच गावाचा नकाशा उघडतो. आपण चाललो की नकाशातला माणूस चालतो, आणि वाटेत कधी न पाहिलेली जनावरं उगवतात. कोणी आग ओकतं, कोणी पाणी थुंकतं, कोणी नुसतंच आपल्याकडे बघून हसतं. बोटानं जाळं फेकून ती धरायची, खाऊ-पिऊ घालून मोठी करायची आणि दुसऱ्याच्या जनावरांशी झुंजवायची. शहरात म्हणे चौकाचौकात उगवतात. आमच्याकडे नेटवर्कच फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, तेही उभ्यानं, तोंड पूर्वेला करून. म्हणून आमच्या गावात हा गेम पाळीवरच खेळला गेला आणि खेळणारे दोघंच होते. एक मी, दुसरा माझा मोठा भाऊ.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारे. दादा जाळं फेकायचा तेव्हा तलावावर सावली पडायची आणि बगळ्यांना वाटायचं, संध्याकाळ झाली. गेमातलं जाळंही तो तसंच फेकायचा, नुसत्या मनगटानं. पहिल्याच वर्षी त्याला ड्रॅगन गावला. काळाकुट्ट, पंख पसरले तर मोबाईलाच्या बाहेर जातील असा. त्याच्यापुढे माझ्या जनावरांची काय कथा! मी इतक्या वेळा हरलो की पाळीवरची शेळीसुद्धा झुंज सुरू झाली की तोंड फिरवून घ्यायची.

दादा म्हणायचा, ‘‘ज्या दिवशी तू मले हरवशीन ना, त्या दिवशी तू म्हनशीन ते करीन. तलाव पिऊन टाक म्हनशीन, तर पिऊन टाकीन.’’

‘‘कबूल?’’

‘‘कबूल म्हनजे? माह्या तोंडातून शब्द निंगला, आता तो वापस घुसत नाई.’’

हे खरं होतं. दादाचा शब्द आणि दादाचा राग, दोन्ही एकदा बाहेर पडले की परत घरात येत नसत.

आता त्याचं घर कसं सुटलं ते.

आमच्या मासेमारी सोसायटीत एक रीत आहे. पावसाळा सरला की सालाचं पहिलं जाळं पडतं. त्या जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा कोणी घरी नेत नाही. त्याला कुंकू लावायचं आणि परत सोडायचा. पाण्याचा वाटा म्हणतात त्याला. तो सोडायचा मान आमच्या बाबांचा, कारण तलावात त्यांच्याइतका जुना माणूस उरला नव्हता. सहा वर्षांपूर्वी पहिल्या जाळ्यात एक कतला आला. केवढा? आमच्या दारातून त्याला तिरपा करून आत घ्यावा लागला, एवढा. आत घेतला हाच तर घोळ झाला. दादाचं नवीन लग्न झालं होतं, बायको सिरोंच्याची, तेलुगू घरातली. तिच्या माहेरची माणसं पहिल्यांदा आमच्या घरी आली होती. पाहुण्यांपुढे झिंगे काय वाढायचे, म्हणून दादानं बाबा कुंकू आणायला गेले तेवढ्यात तो कतला उचलला आणि रस्सा करून टाकला.

बाबा आले तेव्हा पाहुणे पानावर बसले होते. चुलीवरचं रश्श्याचं गंज बाबांनी अंगणात उलटं केलं आणि दादाच्या कानाखाली अशी वाजवली की पलीकडच्या काठावर मोर ओरडले. सासऱ्यासमोर, मेव्हण्यांसमोर. दादा उठला. हात धुतले. पाहुणे ज्या गाडीत आले होते त्याच गाडीत बायकोला घेऊन बसला आणि गेला सिरोंच्याला. गोदावरीकाठी सासऱ्याच्या डोंग्यावर तो मासे धरतो, एवढं आम्हाला कळत होतं. त्यापुढे काही नाही.

गेल्या साली होळीच्या आधी बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं सारवल्यासारखं झालं. माय तर कधीच गेली होती. बाबा दिवसभर ओसरीवर बाजेवर पडून असतात आणि सकाळी डोळा उघडला की एकच विचारतात, ‘‘मोठा आला का?’’

मी बोलण्याचा माणूस. बाजारात कोणाच्याही गळ्यात बिनकाट्याचा म्हणून मिरगल मासा बांधू शकतो. पण हा प्रश्न आला की मी फोन घेऊन पाळीवर जायचो.

फोन लावले. दादानं माझा नंबर बंद करून ठेवला होता. बायकोच्या फोनवरून लावला, तोही बंद झाला. मग मी स्वतः सिरोंच्याला गेलो. तो रस्ता कसा आहे ते विचारू नका. आलापल्लीच्या पुढे एका खड्ड्यात आमची बस उतरली ती दुसऱ्या दिवशी निघाली, आणि मधल्या वेळात खड्ड्यातल्या माणसांची आपसात दोन लग्नं ठरली. दादाच्या सासरी पोचलो. त्याच्या मेव्हण्यानं दारातच पाणी दिलं, चहा दिला. दादाचं विचारलं तर म्हणाला, ‘‘लेडू.’’ नाही, घरी नाही. तेवढं तेलुगू मलाही येतं. उंबऱ्याजवळ दादाच्या चपला होत्या. डाव्या चपलेचा अंगठा त्यानं हिरव्या जाळ्याच्या दोऱ्यानं शिवला होता. तसा शिवणारा माणूस जगात एकच आहे. मी चहा सावकाश प्यायलो. बशी चाटायची बाकी ठेवली. आतून कोणी खोकलंसुद्धा नाही. मी परत आलो.

राहिला तो गेम. गेमात दोस्तांची यादी असते. सहा वर्षांत त्या यादीतून दादानं मला काढलं नव्हतं. विसरला असेल, किंवा नसेल विसरला. त्याच्या नावाखाली रोज यायचं, ‘‘काल खेळला.’’ कधी ‘‘आज खेळला.’’ मी पाळीवर उभा राहून ते दोन शब्द देवाच्या फोटोकडे पाहावं तसे पाहायचो.

त्या गेमात बोलायची सोय नाही, लिहायची नाही. पण आपल्या जनावराला नाव ठेवता येतं आणि झुंजीत समोरच्याला ते नाव दिसतं. माझ्या डोक्यात हे आलं तेव्हा मी धानाच्या भर रोवणीत बांधीतून ओरडत निघालो. रोवणाऱ्या बायांना वाटलं साप चावला. अडचण एकच होती. दादा वरच्या आखाड्यात पोचला होता, आणि वरच्या आखाड्यात ड्रॅगनशिवाय उभं राहू देत नाहीत. माझ्याजवळची सगळी जनावरं मिळून एका ड्रॅगनच्या नाश्त्याला पुरली नसती. म्हणजे मला ड्रॅगन पाहिजे होता. धरायचा, त्याच्या नावातून निरोप द्यायचा, आणि जमलं तर दादाला हरवून ‘‘घरी ये’’ म्हणायचं. बाबा जायच्या आधी. लकवा एकदा येऊन थांबत नसतो, तो पुन्हा येतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

ड्रॅगन मोठ्या पाण्याजवळ उगवतो, तेही पाऊस चालू असताना. गेमाला आभाळ कळतं. आषाढात एका सकाळी झिमझिम चालू होती आणि नकाशावर तलावाच्या पलीकडच्या काठाला त्याची सावली दिसली. पलीकडचा काठ म्हणजे जंगल, आणि त्या जंगलात त्या दिवसांत वाघीण पिल्लं घेऊन होती. एका हातात टिनाचा डब्बा वाजवायला, दुसऱ्या हातात फोन पन्नीत गुंडाळलेला, असा मी निघालो. पाळ संपली आणि झाडं लागली तिथं फॉरेस्टचा गार्ड उभा.

‘‘का गा भाऊ, इथी काय करून राह्यला?’’

‘‘ड्रॅगन धरून राह्यलो, साहेब.’’

गार्डनं माझ्या तोंडाचा वास घेतला. मोहाच्या दारूचा वास नव्हता. मी फोन दाखवला, नकाशा दाखवला, सावली दाखवली.

‘‘हा वन्यजीव कायद्याच्या कोनत्या शेड्यूलमधे येते?’’

‘‘कोनत्याच नाई, साहेब. फोनातला हाय.’’

‘‘अन् वाघीण? ते फोनातली हाय का? सकाळीच पाय उमटले हायेत तिचे, तुह्या डब्ब्याएवढे. तुले काऊन मराची घाई झाली?’’

खोटं बोलायला माझी जीभ नेहमी तयार असते, पण त्या दिवशी तोंडातून सरळच निघालं. बाबांचा लकवा, दादा, वरचा आखाडा. गार्ड ऐकत राहिला. मग काठी आपटत म्हणाला, ‘‘माहा भाऊ बी बोलत नाई माह्याशी. चाल. पाच मिनिटं. मी जंगलाकडं तोंड करून उभा राहातो, तू तुह्या भानगडीकडं पाहा.’’

अशी आम्ही पाठीला पाठ लावली. पाळीवरचं नेटवर्क तिथं एका काडीवर टिकून होतं. समोर पाण्यावर ड्रॅगन आला. फोनात जसा होता तसा सांगतो, यात माझा एक शब्द नाही: हिरवा, पाठीवर कतल्यासारखे खवले, आणि श्वास सोडला की तलावाचं पाणी थरथरायचं. पहिलं जाळं टाकलं, त्यानं पंखानं उडवलं. दुसरं चावून फाडलं. जंगलात चितळ ओरडलं. मागं गार्डची पाठ ताठ झाली ती मला माझ्या पाठीला कळली.

‘‘फेक बे लवकर! ते जवळच हाय!’’

‘‘कोन, साहेब?’’

‘‘तू फेक ना बाप्पा! कोन काय विचारून राह्यला!’’

माझ्याजवळ एक जाळं उरलं होतं. दादाचं मनगट आठवलं. बोट नाही हलवलं, मनगट हलवलं. जाळं असं उमललं की खरं पाणी असतं तर त्यात निम्मा तलाव आला असता. ड्रॅगन आत. एकदा धडपडला, दोनदा धडपडला, तिसऱ्यांदा शांत झाला. आम्ही दोघं पाठमोरे, उलटे चालत पाळीवर आलो. गार्डनं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, ‘‘दाखव त.’’ आणि पाहून म्हणाला, ‘‘इतका लहान?’’

इथपर्यंतची गोष्ट मी कुठंही सांगतो. पुढची सांगत नाही.

मी धावत घरी आलो. बाबांना सहा वर्षांत चांगली बातमी अशी मिळालीच नव्हती. त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर फोन धरला. ‘‘बाबा, पाहा. यानं दादाले आनतो मी.’’

बाबांनी पाहिलं. मग त्या सारवलेल्या जिभेनं विचारलं, ‘‘कुठी गावला?’’

‘‘आपल्याच तलावात. पलीकडं.’’

‘‘या सालचा पहिला?’’

सोसायटीचं जाळं अजून पडायचं होतं. मी बिनविचारानं हो म्हणालो. शब्द तोंडातून सुटला आणि तेव्हा मला कळलं की मी काय बोललो.

‘‘सोडला?’’

‘‘बाबा, हा मासा नाई. चित्र हाय हे. याले पानी लागत नाई.’’

‘‘तलावातून निंगला ना?’’

‘‘तसा निंगला, पन...’’

‘‘मोठ्याच्या वक्ताले बी ‘पन’च होता.’’ बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. ‘‘सोड.’’

मी समजावलं. गार्डपेक्षा जास्त समजावलं. बायकोनं समजावलं. बाबांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी घेतलं, पेज घेतली नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, ‘‘अवो, त्याहीचं खरं कारन ऐकता का? आता विचारलं मी. ते म्हनतात, पान्याचा वाटा खाल्ला म्हनून पोरगा गेला. आता पुन्हा खाल्ला तर दुसरा बी जाईन. तुमच्यासाठी उपाशी पडले हायेत ते.’’

मी बाबांना पाठीवर घेतलं. पूर्वी ते मला असे पाळीवर न्यायचे. लकव्यानं माणूस हलका होईल असं वाटतं, होत नाही; गेलेलं अंग जास्तच जड असतं. पाळीवर त्यांना टेकवून बसवलं. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं फोनच्या काचेवर कुंकू लावलं. कुंकवाच्या बोटाखाली ड्रॅगन इकडून तिकडे सरकला. मी ‘‘सोडा’’ दाबलं. गेमानं विचारलं, खरंच सोडायचं? हा परत मिळणार नाही. आमच्या सोसायटीत असं कोणी विचारत नाही. मी पुन्हा दाबलं. ड्रॅगननं पंख उघडले, काचेच्या वरच्या कोपऱ्यातून निघून गेला. बाबांनी पाण्याकडे हात जोडले. एकच हात वर आला.

त्या दिवशी बाबा दोन वेळचं एकाच वेळी जेवले. मी जेवलो नाही, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

त्यानंतर मी दीड महिना तलावाला फेऱ्या घातल्या. माझ्या पायांनी पाळीवर एवढी खोल वाट पडली की पाटबंधारेवाले पाहायला आले की कालवा कोणी खोदला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रॅगन गावला. त्याला ड्रॅगन म्हणायचं ते गेम म्हणतो म्हणून. कोंबडीएवढा, शेपूट वाकडी, आग ओकायला सांगितलं तर ढेकर द्यायचा. बाबांना मी या वेळेस दाखवला नाही. नाव ठेवायची जागा उघडली. बारा अक्षरं, त्यावर एक मात्रा मावत नाही. ‘‘बाबाले लकवा मारला, विसरून जा सगळं, घरी ये’’ हे त्यात कुठून बसणार? मी, जो मीठ मागायला जातो तर शेजारच्या घरी दुपार काढतो, तो मी त्या डब्ब्यापुढे अर्धा दिवस बसलो. शेवटी लिहिलं: बाबा लकवा ये.

आणि वरच्या आखाड्यात गेलो.

दादाच्या नावाखाली ‘‘आता खेळत आहे’’ होतं. मी आव्हान टाकलं. पाळीवर वारा होता. फोन दोन्ही हातांनी धरला होता. आव्हान पडून राहिलं, गोल चक्र फिरत राहिलं, आणि मग ते स्वीकारलं गेलं.

समोर त्याचा काळा ड्रॅगन उतरला. सहा वर्षांत त्यालाही काहीतरी झालं होतं. आधी तो उड्या मारत यायचा, आता सरळ येऊन उभा राहिला. माझा वाकड्या शेपटीचा त्याच्यापुढे उभा, आणि डोक्यावर ते नाव. झुंज सुरू झाली की बोटानं मारत राहायचं असतं, जो थांबतो तो मरतो. दादानंच शिकवलं होतं. मी पहिला फटका मारला. लागला. दुसरा मारला. लागला. दादाचा ड्रॅगन हलला नाही.

तो उभाच होता. पंख खाली, मान खाली. वर वेळ पळत होती.

मी अजून चार फटके मारले असते तर दादा हरला असता. हे मी फुशारकीनं सांगत नाही. त्याच्या ड्रॅगनची ताकद वर पट्टीत दिसत होती, माझ्या फटक्याची मला माहीत होती. चार फटके. मग मी म्हणीन ते दादा करणार होता, त्याच्या शब्दानं. माझं बोट काचेच्या वर आलं आणि तिथंच थांबलं. मला वाटलं, दादा वाचून राहिला आहे. तो नाव वाचतो आहे, बाबांना आठवतो आहे, आणि अशा वेळेस मारू नये. ओळखीचा माणूस पाण्यात उतरला की आपण जाळं आवरतो, तसं माझं बोट आपोआप आवरलं. मी त्याला म्हणालोही, पाळीवर, मोठ्यानं, ‘‘वाच दादा, वाच. घाई नाई.’’

किती वेळ दोन ड्रॅगन समोरासमोर उभे होते मला सांगता येणार नाही. माझ्या गोष्टीत दुसरं कोणी असतं तर मी म्हणालो असतो, सूर्य बुडाला आणि पुन्हा उगवला. तसं काही झालं नाही. अर्धं मिनिट असेल.

मग काळ्या ड्रॅगननं मान वर केली. एक फटका. दुसरा. तिसऱ्याला माझा आडवा झाला, आणि त्याच्यासोबत ते नावही आडवं झालं. ‘‘तुम्ही हरलात.’’

मी पुन्हा आव्हान टाकलं. पडून राहिलं. पुन्हा टाकलं. दुपारपर्यंत टाकत होतो. मग एकदा टाकायला गेलो तर यादीत दादाचं नाव नव्हतं. नेट गेलं असेल म्हणून पूर्वेला तोंड केलं, फोन वर धरला. नेट होतं. चिमूरकडचा कोणी, ज्याला मी जन्मात पाहिला नाही, तो यादीत होता. परदेशातला एक जण होता, रोज मला फळं पाठवणारा. दादा नव्हता. सहा वर्षं विसरला होता किंवा विसरला नव्हता, त्याचं उत्तर मला मिळालं. यादीत मी अजून आहे, हे मीच नेऊन दिलं त्याच्या हातात.

घरी आलो. बाबा ओसरीवर जागे होते. माझ्या तोंडाकडे पाहत होते.

‘‘मोठा?’’

मी म्हणालो, ‘‘जिंकलो, बाबा. तीन फटक्यांत पाडला त्याले. शब्दाचा पक्का हाय तो, निंगाला म्हने.’’

बायको दारात उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, ‘‘कुठवर आला?’’ मी त्याला सिरोंच्याच्या बसमध्ये बसवला. भादव्याचा पाऊस चालू होता, तो कामी आला. बामणीच्या पुढे नाल्याला पूर आला म्हणून एक दिवस थांबवला. रेपनपल्लीच्या जंगलात रस्त्यावर झाड पाडलं. आलापल्लीला बसचं टायर फोडलं. बाबा एक-एक मुक्काम मनात धरत होते. त्यांचं स्वतःचं तरुणपण या भागात तलाव हिंडण्यात गेलं होतं, मी चुकलो की ते दुरुस्त करायचे. ‘‘आलापल्लीहून सरळ आष्टीले येईन तो. चामोर्शीकडून काऊन घालून राह्यला त्याले?’’ आष्टीच्या पुलावरून वैनगंगेचं पाणी जाऊ लागलं, खरंच जाऊ लागलं, ते मी बनवलेलं नव्हतं, आणि दादा चार दिवस पलीकडे अडकला. त्या चार दिवसांत बाबांनी नीट जेवण केलं. दाढी करवून घेतली. ‘‘ओल्या कपड्यात असंन तो,’’ म्हणाले. मी म्हणालो, एका ओळखीच्या घरी उतरला आहे, त्या लोकांनी कोरडी लुंगी दिली.

मग पाणी उतरलं. पुलावरून गाड्या चालू झाल्या हे आमच्या गावात सगळ्यांना कळलं. मला दादाला पुढे आणावंच लागलं. आणला. आणत-आणत मूलपर्यंत आणला. मूलपासून आमचं गाव म्हणजे, धडधाकट माणूस असेल तर, पायी यावं इतकं. बसस्टँडवर उतरवला.

इथून पुढं मला काही सुचत नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं.

बायको काल म्हणाली, ‘‘अजून किती दिवस उभा ठेवता त्या मानसाले?’’

मी म्हणालो, ‘‘तू सांग मंग काय करू. घरी आनू का? कसा आनू?’’

ती बाबांची वाटी धुवायला घेऊन गेली.

आज सकाळी बाबांनी डोळा उघडला. मी बाजेशेजारी जाळ्याचा फाटका भाग शिवत बसलो होतो.

‘‘स्टँडवरच हाय का?’’

‘‘हो, बाबा.’’

‘‘काऊन येत नाई?’’

‘‘बस भरून येऊन राह्यली. जागा नाई भेटत.’’

बाबांच्या वाकड्या तोंडातून लाळ आली ती मी पुसली.

‘‘चहा पेला का त्यानं?’’

‘‘पेला.’’

‘‘सोबत बायको हाय?’’

‘‘हाय.’’

‘‘मंग तिले बसाले जागा दे म्हना कोनाले,’’ बाबा म्हणाले, आणि डोळा मिटून घेतला.